वण आणि वय

१ मे १८५४ रोजी ठाण्यापलीकडचा लोहमार्ग कल्याणपर्यंत येऊन पोहोचला. खाडी, दुर्गाडीचा किल्ला, तळी, वाडे आणि भाताची शेते एवढ्यावर शतकानुशतके नांदणारे हे गाव एकाएकी मुंबईच्या टप्प्यात आले. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्माला आली. तिचे नाव यमुना. जमीनजुमला होता, पण घराण्याचे चांगले दिवस मागे पडत चालले होते. वडील गणपतराव मुलीला शिकवू पाहणारे होते, आणि त्या काळी एवढे सुद्धा वेगळेपणाचे समजले जाई.

हीच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. तिची गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात वाचली, श्री. ज. जोशी यांच्या १९६८च्या कादंबरीत वाचली, अलीकडे २०१९ साली पडद्यावरही पाहिली. असे असताना ती पुन्हा कशासाठी सांगायची? कारण आजवर ती बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून किंवा एका विचित्र नवऱ्याची गोष्ट म्हणून सांगितली गेली. मला ती एका फुप्फुसाची गोष्ट म्हणून सांगायची आहे. तिला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, पण ज्या आजाराने ती गेली तो आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून आणि सोसायट्यांतून अजून गेलेला नाही. तो गेल्यावरही मागे काय ठेवून जातो, याचा थोडाफार उलगडा मात्र आता होऊ लागला आहे.

* * *

गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले कारकून. कल्याणला असताना ते यमुनेला शिकवू लागले. वय तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी अधिक, पहिली बायको वारलेली. १८७४ साली, ती नऊ वर्षांची असताना, दोघांचे लग्न झाले. बायकोला शिकवायला मिळाले पाहिजे, अशी गोपाळरावांची अट होती. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांचा शिकवण्याचा आग्रह प्रेमळ नव्हता. इतरांच्या बायका स्वयंपाक सोडून पुस्तक हाती धरतात म्हणून मार खात. आनंदी पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून मार खाई. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत तिने ही मारहाण नवऱ्याला स्पष्टपणे आठवून दिली, आणि तरीही आपल्या शिक्षणाचे श्रेय त्यालाच दिले. या दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा राहिल्या, हे कोडे तिच्या चरित्रकारांना आजवर नीट सुटलेले नाही. मी कादंबरीकार आहे, आणि ते सोडवण्याचा मोह मला झाला नाही असे नाही. पण मला ते तसेच राहू द्यावेसे वाटते.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळते तर बाळ वाचले असते, ही समजूत तिच्या मनात खोल रुतली. बायकांना तपासणारी बाई डॉक्टर पाहिजे, हा विचार तिच्या डोक्यात शिरला तो कोणत्याही व्याख्यानातून नव्हे, तर या दहा दिवसांतून.

त्यानंतरचा प्रवास म्हणजे बदल्यांचा नकाशाच. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. बँकेच्या नोकरीत बदल्या सोसलेल्या माझ्यासारख्याला त्या नकाशाचा अर्थ कळतो. दर दोन वर्षांनी नवी हवा, नवे पाणी आणि शेजारणींचे नवे टोमणे. कोल्हापुराहून गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र पाठवून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ते पत्र मिशनच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना वाचले, आणि १८८० साली दोन अनोळखी बायकांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे आनंदीने त्यांना मावशी मानले.

कलकत्त्यास असतानाच तिची प्रकृती ढासळू लागली होती. सतत डोके दुखे, ताप येई, कधी धाप लागे. कार्पेंटर मावशी अमेरिकेतून औषधे पाठवीत, त्यांचा उपयोग होत नसे. अशा शरीराने ती परदेशी निघाली. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भाषण केले आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. गोपाळराव बरोबर नव्हते. ४ जून १८८३ रोजी ती न्यूयॉर्कला उतरली. वय वर्षे अठरा.

* * *

फिलाडेल्फियाचे ते कॉलेज १८५० पासून केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवीत होते. डीन रेचल बॉडली यांनी तिला प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळवून दिली. तिथे आनंदीबाईंबरोबर जपानची केई ओकामी होती, सीरियाची साबात इस्लामबूली होती. आपापल्या देशी वेषात बसलेल्या या तिघींचे १८८५ सालचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यात साडीतली आनंदीबाई सर्वांत लहान दिसते. चेहऱ्यावर थकवा आहे की गांभीर्य, हे ज्याने त्याने ठरवावे.

थंडी मात्र तिला सोसवली नाही. तिला मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट बांधलेली नव्हती. पेटवली की खोलीभर धूर आणि विझवली की गारठा, असे चरित्रकार सांगतात. नऊवारीत पाठ आणि पाय उघडे पडत म्हणून ती गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली. अन्नाचे हाल होतेच. अशा स्थितीत तीन वर्षे अभ्यास करून तिने हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, गोपाळरावही आदल्या वर्षीच येऊन पोहोचले होते. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाचे काम देऊ केले.

क्षयाबद्दल ती तिथे काय शिकली असेल? २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे ती अमेरिकेला निघण्याच्या वर्षभर आधी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉक याने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. तोवर हा रोग घराण्यात असतो, हवेने होतो, अतिअभ्यासाने होतो, असे नाना तर्क चालत. नवे ज्ञान वर्गावर्गांत पोहोचत होते, पण उपचार जुनेच राहिले. विश्रांती, दूध, माशाचे तेल आणि हवापालट. ती शिकत होती त्याच काळात न्यूयॉर्क राज्याच्या डोंगरात ट्रूडो या डॉक्टरने क्षयरोग्यांसाठी लहानशी कुटी उभारली, आणि तो स्वतःच क्षयाचा रोगी होता. शत्रूचे नाव कळले होते. हातात शस्त्र नव्हते. जंतूवरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चे दशक उजाडावे लागले.

छातीला लावायचे स्टेथोस्कोप तिच्या हाती आले असणारच. ते १८१६ साली लेनेक या फ्रेंच डॉक्टरने शोधले. यकृत वणांनी कडक होते त्या विकाराला सिरॉसिस हे नाव देणाराही तोच. तो १८२६ साली पंचेचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला. दुसऱ्यांच्या छातीतला जो आवाज ओळखायला त्याने जगाला शिकवले, तोच त्याच्या छातीत होता.

१८८६ च्या नोव्हेंबरात आनंदीबाई मुंबईला उतरल्या त्या डॉक्टर म्हणून, आणि रोगी म्हणूनही. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या कधीच रुजू झाल्या नाहीत. पुण्यात उपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, तिचे स्मारक उभे राहिले.

* * *

क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की शरीर त्याच्याभोवती भिंत बांधते. पेशींची गाठ तयार होते, तिचा गाभा कुजून पनिरासारखा होतो, आणि बाहेरून चिवट तंतूंचे कवच चढते. कवच टिकले तर जंतू वर्षानुवर्षे आत झोपून राहतो. ते फुटले तर फुप्फुसात पोकळी पडते. मग शरीर ती जखम भरू लागते, आणि भरताना जे उरते त्याला आपण बाहेरच्या कातडीवर वण म्हणतो. देवीचे वण चेहऱ्यावर दिसत. फुप्फुसातला वण दिसत नाही, तो श्वासात जाणवतो. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात.

वण पडणे हा काही रोग नव्हे. भाजी चिरताना बोट कापले तर फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे गोळा होतात, कोलॅजेनचे धागे विणतात, कडा ओढून आणतात आणि मग थांबतात. हे थांबणे महत्त्वाचे. पायाच्या जखमेवर गवंडी बसवला आणि तो काम संपल्यावरही विटा रचतच राहिला, तर जखम भरेल पण पाय वाकणार नाही. यकृतात असे झाले की सिरॉसिस, फुप्फुसात झाले की श्वास अपुरा. मऊ स्पंजाचे जाड कांबळे होते.

मग हे गवंडी थांबतात कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा योगायोगाने फिलाडेल्फियातच सापडतो. आनंदीबाईंना पदवी मिळून बरोबर ७५ वर्षे झाली होती. १९६१ साली त्याच शहरातल्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले की माणसाच्या साध्या पेशी बाटलीत कायम वाढत नाहीत. पन्नासएक वेळा दुप्पट होतात आणि मग विभागणे सोडतात. त्यांचा अभ्यास होता तो याच फायब्रोब्लास्ट पेशींवर. त्याआधी कित्येक वर्षे जग असे धरून चालले होते की पेशी शरीराबाहेर काढली तर अमर असते. हेफ्लिकने पेशीलाही म्हातारपण असते, हे सिद्ध केले.

या म्हाताऱ्या पेशी मरत नाहीत. विभागायचे थांबतात, पण बसल्या जागेवरून शेजारपाजारच्या पेशींना रासायनिक निरोप पाठवत राहतात. थोड्या काळासाठी हे निरोप उपयोगाचे असतात. उंदरांच्या कातडीवरची जखम लवकर भरण्यात या पेशी मदत करतात, असे २०१४ साली दिसून आले. त्याआधी, २००८ मध्ये, उंदरांच्याच यकृतात दिसले होते की वण विणणाऱ्या पेशी स्वतः वृद्ध होऊन काम थांबवतात, आणि मग शरीराचे रक्षक त्यांना उचलून नेतात. म्हणजे म्हातारपण हा इथे लगाम आहे. काम संपले, हात थांबले, जागा मोकळी झाली.

बिघडते ते यापुढे. ही उचलून नेण्याची व्यवस्था कमी पडली, किंवा जखम पुन्हा पुन्हा होतच राहिली, तर वृद्ध पेशी साचतात. त्यांचे निरोप थांबत नाहीत. त्या निरोपांनी सूज धुमसत राहते आणि नवे विणकाम चालू होते. साठीनंतर दिसणारा, कारण न सापडणारा फुप्फुसाचा जो फायब्रोसिस आहे, त्यात अशा पेशी मोठ्या संख्येने आढळतात. २०१७ साली उंदरांमध्ये त्या काढून टाकल्यावर फुप्फुसाचे काम सुधारले. २०१९ मध्ये अमेरिकेत चौदा रोग्यांना अशा पेशी मारणारी दोन औषधे एकत्र देऊन पाहिली. चालण्याच्या चाचणीत रोगी थोडे पुढे गेले, फुप्फुसाच्या चाचणीत फरक पडला नाही. तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता, तेव्हा यावरून कोणी आशेचे दुकान मांडू नये. पण वाट दिसली आहे, एवढे खरे.

* * *

आनंदीबाईंचे वय एकवीस होते. तेव्हा म्हाताऱ्या पेशींशी तिचा काय संबंध, असे वाचक विचारतील. तिच्या फुप्फुसाचे चित्र कोणी घेतलेले नाही. क्ष-किरणच मुळी १८९५ साली, तिच्यानंतर आठ वर्षांनी सापडले. तिच्या पेशींबद्दल मी काही बोलणे अप्रामाणिक होईल. पण पेशीचे म्हातारपण वाढदिवसांनी मोजायचे नसते, ही गोष्ट आता पक्की झाली आहे, आणि तिचा दाखला आपल्या लोकलच्या डब्यात बसलेला आहे.

१९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. जोशी यांनी एका विकाराचे वर्णन केले. गालाच्या आतले आणि टाळूचे मऊ कातडे पांढुरके, ताठ होत जाते. तोंड उघडेनासे होते. तिखट सोसत नाही. मराठीत त्याला सुटसुटीत नाव नाही, डॉक्टर सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. कारण सुपारी. तंबाखू नसली तरी सुपारी पुरेशी आहे. पुढे काहींना याच जागी कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारीच्या पुड्या काही आपल्यातून गेल्या नाहीत. विशी-पंचविशीतल्या मुलांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, हे आपल्या दंतवैद्यांना नवे नाही.

२०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी या विकारातला गालाचा आतला भाग तपासला. त्यात वृद्ध फायब्रोब्लास्ट साचलेले आढळले. त्या पन्नास वेळा विभागून थकल्या नव्हत्या. इजेने, पेशीच्या आतल्या जळजळीने, त्यांना अकाली म्हातारपण आले होते. आणि गंमत अशी की याच पेशी कोलॅजेन तोडणारे पाचक रसही सोडत होत्या. म्हणजे वण आवरण्याचीही त्यांची धडपड चालूच होती. मुलगा विशीतला, तोंडातल्या पेशी म्हाताऱ्या, आणि त्या म्हाताऱ्याही पूर्ण वैरी नव्हेत. रोज पुडी फोडून तीच जखम पुन्हा करणाऱ्यापुढे त्या बिचाऱ्या किती पुरणार?

* * *

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे. मी बँकेत अधिकारी होतो. आमच्या शाखेत एक लेखनिक होते. त्यांना क्षय झाला, त्यांनी औषधांचा कोर्स पुरा केला, डॉक्टरांचा दाखला आणला आणि कामावर रुजू झाले. पण कल्याण स्टेशनचा पूल चढताना मध्येच कठडा धरून उभे राहत आणि रोज उशिरा येत. जुनी दप्तरे वरच्या मजल्यावर होती; त्यांनी खालचे काउंटर मागितले. मी दाखला पाहिला. त्यात रोगमुक्त असे लिहिलेले होते. रोगमुक्त माणसाला जिना का चढवत नाही? मी अर्जावर प्रतिकूल शेरा मारला. त्यांनी वाद घातला नाही. वाद घालायला दम लागतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

ते आज नाहीत. दाखला खोटा नव्हता. जंतू खरेच गेले होते. वण राहिला होता, आणि वणाचा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता. आजही जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. सहा महिन्यांच्या औषधांनी बहुतेक बरे होतात, आणि ही आनंदीबाईंच्या काळाच्या तुलनेत केवढी मोठी गोष्ट! पण बरे झालेल्यांपैकी अनेकांचे फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. ते आपल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, डोंबिवलीच्या सकाळच्या गर्दीत असतात. त्यांच्याकडे पाहून आपण म्हणतो, आता काय झाले आहे, चांगला धडधाकट तर दिसतो.

वृद्ध पेशी वेळेवर उचलल्या जाव्यात, वण जिथल्या तिथे थांबावा, याची औषधे केव्हातरी येतील. ती येईपर्यंत आपल्या हाती असलेली गोष्ट साधी आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, औषध अर्ध्यावर सोडू नये, आणि कोर्स संपल्यावर धाप उरली तर तिची दखल डॉक्टरने घ्यावी, साहेबानेही घ्यावी. वण लहान असतानाच जखम बंद झाली, तर पुढचे पुष्कळ टळते.

आनंदीबाईंनी पदवी घेतली आणि एकही दिवस रुग्णालयाचे काम करू शकल्या नाहीत, म्हणून त्यांचे आयुष्य अपुरे राहिले असे आपण म्हणतो. मला वाटते, आजारी असतानाही त्या काम करीत होत्या, ही गोष्ट आपण नीट पाहिलेलीच नाही. धाप लागलेली ती मुलगी बोटीवर चढली, धुराच्या खोलीत बसून हाडांची नावे पाठ करीत राहिली, परीक्षा देत राहिली. तिच्या तब्येतीला उसंत देणारा शेरा कोणी मारला असता तर काय झाले असते, ते सांगता येत नाही. कल्याणचा पूल चढताना कठडा धरून उभे राहिलेले कोणी दिसले की मात्र मी आता थांबतो, आणि त्यांच्या चालीने चालू लागतो.